सोवळ्यातली वाइनरी

द्राक्षाचा भाव पडला की निफाड-दिंडोरीकडे प्रत्येक वस्तीवर एक तरी माणूस वाइनरी काढायचं बोलू लागतो. भाव फारच पडला तर त्याच माणसाला ब्रँडी सुचते. भाव सावरला की दोन्ही बेत पुढच्या हंगामावर जातात आणि फवारणीचा ब्लोअर सुरू होतो. हा आजार जुना आहे. 2000 साली राजीव सामंतांची सुला नाशिकजवळून बाजारात आली, 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण काढलं, विंचूरला वाइन पार्क झाला, आणि तोवर वाइन फक्त हिंदी सिनेमातल्या खलनायकाच्या हातात पाहिलेले बागायतदार पारावर बसून कॅबरने आणि शिराझ यांतला फरक एकमेकांना समजावू लागले. 2008 नंतर मंदी आली, कित्येक टाक्या भरलेल्याच राहिल्या, काही वाइनऱ्यांना कुलपं लागली, आणि त्याच बागायतदारांनी शिराझची खोडं उपटून पुन्हा खायची थॉमसन लावली.

माझे मामा यातून शहाणे झाले असते तर हा लेख झाला नसता.

मामांचं घर माळकरी. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ, मामांच्या गळ्यात तुळशीची माळ, मामींना माळ नाही पण कांदाही एकादशीला घरात येऊ देत नाहीत. या घरात दारूचा थेंब कधी शिरला नाही, आणि आता हजारो लीटरच्या टाक्या येणार होत्या. पुण्या-मुंबईच्या लोकांना यात मोठी विसंगती दिसते. नाशिक जिल्ह्यात दिसत नाही. तिथे वाइनची द्राक्षं पिकवणारे कितीतरी लोक तिला तोंड लावत नाहीत. उसाचा शेतकरी तरी कुठे दिवसभर साखर खात बसतो, असा त्यांचा सवाल असतो.

मूळ खूळ मामेभावाचं. त्याने वाइन टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा केला होता आणि तो कोणत्याही पेल्यातलं पाणीसुद्धा गोल फिरवून, नाक आत घालून मग पीत असे. मामींना वाटलं पोराला दृष्ट लागली. मामांना वाटलं धंदा आहे. दोघंही थोडेथोडे बरोबर होते.

पहिला धक्का बागेतच बसला. मामांची द्राक्षं तालुक्यात नावाजलेली. लांब मणी, पातळ साल, बी नाही, घड असा की दोन हातांनी उचलावा. आयुष्यभर त्यांनी विरळणी केली, जीए या संजीवकात घड बुडवले, मणी फुगवला. मामेभावाने सांगितलं, यातलं काहीच चालणार नाही. वाइनला मणी बारीक हवा, साल जाड हवी, आत बी हवी, आणि वेलीवर घड कमी हवेत. रंग, वास आणि तुरटपणा सगळा सालीत आणि बियांत असतो; मणी फुगला की नुसतं पाणी वाढतं. खायची द्राक्षं सतरा-अठरा ब्रिक्स साखरेला उतरवतात, ही बावीस-चोवीसपर्यंत वेलीवर ठेवायची. उतारा खायच्या द्राक्षाच्या निम्मा आला तर छाती काढून फिरायचं. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बारीक मणी, जाड साल, कमी माल! हे तर आमच्या बापाच्या काळात न शिकता यायचं."

तरी दोन एकर शिराझ आणि एक एकर शेनिन ब्लाँ लावली. शेजारचे येऊन एक मणी तोंडात टाकायचे, बिया थुंकायचे आणि सहानुभूतीने मामांकडे बघायचे. वाइनच्या द्राक्षांचा एक फायदा मात्र निर्विवाद आहे. ती चोरीला जात नाहीत.

मग कागदपत्रं. महाराष्ट्रात दारू करायची असेल तर परवाना दारूबंदी कायद्याखाली मिळतो. हा विनोद माझा नाही, विधिमंडळाचा आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे महाराष्ट्र दारूबंदी कायदा झाला, आणि बिअर-वाइन कशी करावी याची 1966 ची नियमावली त्याच्याच पोटात आहे. याच कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना, जन्मभराचा हजार रुपयांना. आणि आरोग्य राखण्यासाठी आपण पितो, असं त्या परवान्यात गृहीत धरलेलं असतं. द्राक्षाच्या गोडी छाटणीचे दिवस आले की 2 ते 8 ऑक्टोबर राज्यात दारूबंदी सप्ताह असतो. मामा सकाळी शिराझची छाटणी करून दुपारी ग्रामपंचायतीत व्यसनमुक्तीची शपथ घेऊन येत. दोन्ही मनापासून.

सातबारा, नकाशा, पाण्याचा दाखला, सांडपाण्याचा आराखडा हे सगळं जमलं. अडलं ते ग्रामसभेत. आमच्या गावाने पूर्वी एकदा आडवी बाटली केली होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान होतं, मतपत्रिकेवर एक बाटली उभी असते आणि एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं. त्या लढ्यात आजी पुढे होती. त्यामुळे मामेभावाने ग्रामसभेत उत्साहाच्या भरात जेव्हा सांगितलं की आमच्या तळघरात सगळ्या बाटल्या आडव्याच राहतील, तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला सांगायचं होतं की बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी ठेवतात. उभी ठेवली तर बूच सुकतं, हवा आत जाते आणि वाइन बिघडते. तो भाग टाळ्यांत बुडाला. ठराव मंजूर झाला.

आजीचा खरा प्रश्न वेगळा होता: ही दारू आहे की नाही? 2022 च्या जानेवारीत याच प्रश्नावर अख्खं राज्य हमरीतुमरीवर आलं होतं. मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, वाइन म्हणजे दारू नव्हे असं एका बाजूने सांगितलं, दुसऱ्या बाजूने मद्यराष्ट्र म्हणून ओरड झाली, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय फडताळात गेला. विधानभवनात जे सुटलं नाही ते आजीने ओसरीवर सोडवलं. तिच्या उशाशी द्राक्षासवाची बाटली असते. जेवणानंतर चार चमचे, तितकंच पाणी. कित्येक वर्षांचा नेम. मामेभावाने ती बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली: स्वजनित मद्यार्क, पाच ते दहा टक्के. ओसरीवर शांतता पसरली. माळ घातलेली बाई रोज रात्री नेमाने काय घेते आहे हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. मामींनी पदर तोंडाला लावला.

आजी डगमगली नाही. म्हणाली, "आपोआप झालं ते आसव. भट्टीवर चढवली ती दारू. आसव करा. भट्टी माझ्या दारात नको."

मी नंतर तपासलं. जगातल्या बहुतेक सरकारांची कररचना याच एका वाक्यावर उभी आहे.

पहिला हंगाम जानेवारीत सुरू झाला. पहाटेच्या गारठ्यात तोड, वीस किलोचे क्रेट, देठ काढायचं यंत्र, दाबयंत्र. परदेशातून यीस्ट आलं. अर्ध्या किलोचं पाकीट, विटेसारखं घट्ट, आणि तेवढ्यात साधारण दोन हजार लीटर रस आंबतो. पुढचं काम यीस्टचं. ते साखर खातं, लीटरमागे सतराएक ग्रॅम साखरेला एक टक्का मद्यार्क देतं, आणि स्वतः केलेल्या मद्यार्कातच शेवटी मरतं. या सगळ्यात मालकाने करण्यासारखं फार थोडं असतं. हेच मामांना सहन होईना. द्राक्षबागेत रोज काहीतरी करावं लागतं. डावणी आली, भुरी आली, ढग आले, धुकं आलं, प्रत्येकाला वेगळं औषध. इथे टाकीसमोर उभं राहून बुडबुडे ऐकायचे. मामांनी सवयीने विचारलंच, "काही फवारायचं का?"

वीज हा एक प्रश्न होता. पांढरी वाइन पंधराएक अंशांवर आंबवायची असते, आंबताना रस स्वतःच तापतो, आणि शेतातली थ्री फेज लाईट पाळीने येते. चिलरला पाळी कळत नाही. शेवटी जनरेटर घेतला आणि त्याच्या डिझेलचा खर्च पाहून मामेभावाने पेला फिरवणं काही दिवस बंद ठेवलं.

पण वाइनरी म्हणजे काय हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचं असेल त्याने चित्रातले उतार, पिंपं आणि मेणबत्त्या विसराव्यात. वाइनरी म्हणजे धुणं. टाकी धुवा, नळी धुवा, पंप धुवा, जमीन धुवा, मग ज्या ब्रशने धुतलं तो ब्रश धुवा. लीटरभर वाइनमागे कित्येक लीटर पाणी जातं आणि त्यातलं बहुतेक घासण्यात. जगभरच्या वाइनऱ्यांत मोठ्या आशेने आलेल्या नव्या पोराच्या हातात पहिल्या दिवशी नळी देतात, आणि हंगाम संपला तरी ती सुटत नाही. मामेभावाचा डिप्लोमा या ठिकाणी लंगडा पडला. त्याला वास ओळखता येत होते, कोपरे घासता येत नव्हते. गड्यांनी नळी जमिनीवर टाकली, तीच उचलून टाकीत घातली, आणि शेनिनच्या एका छोट्या टाकीत आंबूस, शिरक्याचा वास धरला.

त्या दिवशी आजी काठी टेकत वाइनरीत आली. आसव झालं तरी घरचा जिन्नस नासला होता, आणि जिन्नस नासणं तिला दारूपेक्षा मोठं पाप वाटतं. या बाईच्या लोणच्याच्या बरणीला गेल्या साठ वर्षांत बुरशी आलेली नाही. बरणी उन्हात तापवलेली, हात कोरडा, चमचा वेगळा, वर चार बोटं तेल, आणि बरणीला शिवण्याची परवानगी तिच्याशिवाय कोणालाही नाही. मामेभावाने तिला समजावलं की हवेतले जिवाणू आत गेले की मद्यार्काचं ॲसिड होतं, म्हणून टाकी काठोकाठ भरायची आणि वर मोकळी जागा राहिलीच तर नायट्रोजन सोडायचा. आजी म्हणाली, "तेल घालता येत नाही म्हणून वायू घालता. बरं." एवढ्यात तिला सगळं कळलं. चार वर्षं शिकून आलेल्या पोराला जे तिला शिकवायचं होतं ते ती त्याच्या बापाच्या जन्माआधीपासून करत होती.

दुसऱ्या दिवसापासून वाइनरीत सोवळं सुरू झालं. चपला बाहेर. आतले गमबूट वेगळे, बाहेरचे वेगळे. नळी जमिनीला टेकली की ती बाटली, पुन्हा गरम पाण्यातून काढायची. चिलटं दिसली तर कोणाची पाळी होती ते सांगायचं. तिने एकदाच हट्ट धरला की फरशीला ब्लिचिंग पावडर मारावी, तिथे मात्र मामेभाऊ खरा ठरला. क्लोरीन लाकडाशी, बुचाशी गाठ पडलं की पुढे बुरशीच्या हातून असा एक कुबट वास तयार होतो की आख्खा माल ओल्या पुठ्ठ्यासारखा लागतो. वाइनरीत ब्लिचिंगला बंदीच असते. आजीने ते मान्य केलं. शिवाशिवीच्या यादीत एक नाव वाढलं, तिची त्याला काय हरकत!

तिने वाइन कधीच चाखली नाही. नाकाने आणि कानाने चालवते. टाकीला कान लावून सांगते, "ही दमली." हायड्रोमीटर घातला की साखर उतरायची थांबलेली असते. असं टाकीपाशी रेंगाळणं धोक्याचंही आहे; आंबताना निघणारा कार्बन डाय ऑक्साइड जड असतो, तळाशी साचतो आणि माणसाचा जीव घेतो, म्हणून मामेभावाने वाजणारं यंत्र बसवलं आहे. एकदा नाशिकहून आलेल्या तज्ज्ञाने सात पेले चाखून सातही वेळा बादलीत थुंकलं. ती हे बराच वेळ पाहत होती. "थुंकायचंच होतं तर एवढं केलं कशाला?" असं तिने विचारलं, आणि याचं समाधानकारक उत्तर मला अजून कोणत्याही वाइनच्या पुस्तकात मिळालेलं नाही.

लेबलावरून घरात महिनाभर अबोला होता. सामंतांनी सुला हे नाव आपल्या आई सुलभा यांच्यावरून ठेवलं, हे कळल्यावर मामांनाही आईचं नाव द्यायचं होतं. आजीने एका वाक्यात निकाल लावला. "माझं नाव बाटलीवर, आणि बाटली रिकामी झाली की गटारीत?" मामेभावाने सुचवलेलं फ्रेंच नाव मामींना उच्चारता येईना आणि मामांना चेकवर लिहिता येईना. शेवटी शेताचा गट नंबर घातला. तो चार आकडी आहे. पुण्याचे पाहुणे त्याला साल समजतात आणि पेला उजेडात धरून आदराने बघतात. आम्ही कोणी काही बोलत नाही.

वाइन बरी झाली, विकलीही गेली, आणि मामांच्या डोक्यात दुसरं खूळ शिरलं. दाबयंत्रातून निघालेला चोथा खताच्या खड्ड्यात जाताना त्यांना बघवेना. इटलीत म्हणे याच चोथ्याची ग्राप्पा करतात. शिवाय चाखून उरलेली, न खपलेल्या वाइनचं ऊर्ध्वपातन केलं तर ब्रँडी. महाराष्ट्रात ब्रँडी कोणी दारू समजतच नाही. सर्दीला, थंडीला, बाळंतिणीला, अशी ती औषधाच्या कपाटातून घरोघर पोचलेली आहे. गंमत म्हणजे या देशात ब्रँडी म्हणून जे विकलं जातं त्यात बहुतेक भाग उसाच्या मळीच्या स्पिरिटचा असतो. द्राक्षाच्या जिल्ह्यात बसून लोक उसाची ब्रँडी पितात. साखर कारखान्यांचा हात कुठवर पोचतो याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

मामांनी तांब्याच्या भट्टीची चौकशी केली. तांबंच हवं, कारण वाफेतले गंधकाचे वास तांबं धरून ठेवतं. आठ-नऊ लीटर वाइन आटवली की लीटरभर चांगला माल. हा हिशोब ऐकून मामी उठून आत गेल्या. गावात मात्र आनंदाची लाट आली. कोणी ना कोणी मामांना गाठून हळूच सांगायचं, "दादा, आपल्याला पहिल्या धारेची ठेवा." मामेभावाने सांगितलं की पहिली धार ओतून द्यायची असते. तिच्यात लवकर उडणारी, डोकं फोडणारी द्रव्यं असतात; शेवटची धार जड आणि ओशट असते; ठेवायचा तो मधला भाग. ज्या पहिल्या धारेवर पिढ्यान्पिढ्या जीव टाकला ती शास्त्रशुद्ध भट्टीत मोरीत जाते, हे ऐकून गावातल्या दोन अनुभवी माणसांचा आधुनिक विज्ञानावरचा विश्वास उडाला.

मग मामांनी नियम वाचले. वाइनला सरकार शेतीमाल म्हणून गोंजारतं. भट्टी दिसली की तेच सरकार उठून बसतं. वेगळा परवाना, वेगळं गोदाम, कुलूप, किल्ल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, आणि त्या देखरेखीचा खर्च मालकाने भरायचा. आजीने नीट समजून घेतलं. "म्हणजे माणूस त्यांचा, राहणार आपल्याकडं, किल्ल्या त्याच्या कमरेला आणि पगार आपण द्यायचा. घरजावईच की." निफाडच्या मातीतल्या द्राक्षांची, निफाडच्या विहिरीवरची, निफाडच्या माणसाने केलेली ही ब्रँडी सरकारदरबारी भारतीय बनावटीचं विदेशी मद्य ठरणार होती, ते तर मामांनी दोनदा वाचलं.

शेवटचा घाव पिंपांनी घातला. ब्रँडी ओकच्या पिंपात मुरवायची असते. कोन्याकमध्ये किमान दोन वर्षं. पिंपाची किंमत ऐकून मामींनी विचारलं, "आत काय येतं?" रिकामं येतं म्हटल्यावर त्यांनी पुढे विचारलं नाही. त्या पिंपातून दरवर्षी थोडी दारू हवेत उडते, तिला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत तो दोन टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या उन्हात देवदूतांना तहान जास्त. बंगळूरच्या व्हिस्कीवाल्यांचा वाटा दहा टक्क्यांच्याही वर जातो. आणि घट किती धरायची हे नियमात ठरलेलं. देवदूतांनी मापापेक्षा जास्त घेतली तर खुलासा मालकाने करायचा. मामांनी फाईल बांधून माळ्यावर टाकली. भट्टीसाठी ठेवलेले पैसे आजीने दुसऱ्या चिलरमध्ये घातले. तेव्हापासून दुपारी लाईट गेली तरी घरात कोणाची भांडणं होत नाहीत.

आता तिथे शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. लोक पेले फिरवतात, शिराझमध्ये बर्फ मागतात, मामींच्या हातचं पिठलं-भाकरी वाइनपेक्षा जास्त खपतं, आणि माळकरी मामा पाहुण्यांना अतिशय गंभीरपणे सांगतात की यात काळ्या मिरीचा वास येतो. तो येतोही, शिराझमध्ये त्या वासाचं द्रव्य असतंच. चाखायचं काम मुलाकडे, सांगायचं काम बापाकडे.

तुम्हीही जरूर या. गाडी चालवणाऱ्याला ताजा द्राक्षरस फुकट आहे. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. सरकारचा कोरडा दिवस आषाढी एकादशीला असतो. आमच्याकडे आजीच्या हुकमाने वर्षातल्या सगळ्याच एकादश्यांना चाखण्याची खोली बंद असते. तेव्हा निघण्याआधी कालनिर्णय बघून निघा.